स्पंद-कालमापक

काही इमारतींच्या जिन्यावर अशी कळ असते की, ती दाबून हात काढून घेतला तरी दिवा ठराविक वेळ जळत राहतो आणि मग आपोआप मालवतो. कारखान्यातील यंत्रे चालविणाऱ्या प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलरला, म्हणजे संगणकीय नियंत्रकाला, असेच काम वारंवार करावे लागते. त्यासाठी त्याच्या आज्ञावलीत जो तयार घटक योजतात, त्यास आपण स्पंद-कालमापक म्हणू. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाने १९९३ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या मानकात त्याचे नाव ‘टीपी’ असे आहे.

या घटकाला दोन प्रवेश व दोन निर्गम असतात. ‘आयएन’ या प्रवेशावर आरंभीचा संकेत येतो; ‘पीटी’वर स्पंदाचा काळ नेमून द्यावयाचा असतो. ‘क्यू’ हा निर्गम यंत्राला चालना देतो आणि ‘ईटी’ किती काळ लोटला ते दर्शवितो. ‘आयएन’ शून्यावरून एकवर जाताच ‘क्यू’ एक होतो व नेमलेला काळ संपेपर्यंत एकच राहतो. मध्यंतरी मूळ संकेत गेला किंवा पुन्हा आला, तरी स्पंद तुटत नाही आणि लांबतही नाही. नव्या स्पंदासाठी, पहिला संपल्यानंतर ‘आयएन’ पुन्हा शून्यावरून एकवर गेला पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. सरकत्या पट्ट्यावरून ८ सेंटिमीटर रुंदीच्या बाटल्या दर सेकंदास ५० सेंटिमीटर वेगाने जात आहेत. एका बाटलीच्या पुढच्या कडेपासून दुसरीच्या पुढच्या कडेपर्यंत २५ सेंटिमीटर अंतर आहे. झाकण नसलेली बाटली दिसताच संवेदक संकेत देतो आणि तेथेच हवेचा झोत तिला बाजूस ढकलतो. बाटली संवेदकासमोरून जावयास १६० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ती डळमळली, तर संकेत दोनतीनदा तुटू शकेल. स्पंद २०० मिलिसेकंदांचा ठेवल्यास झोत अखंड एकदाच सुटतो. परंतु तोच ६०० मिलिसेकंदांचा ठेवला तर काय होईल? पुढची बाटली ५०० मिलिसेकंदांनी येते. ती निर्दोष असली तरी झोतात सापडेल. तात्पर्य, स्पंदाचा काळ अंदाजाने नव्हे, गणिताने ठरवावयाचा असतो.

एकदा सुरू झाल्यावर कोणाचेही न ऐकणे हा या घटकाचा गुण, आणि तोच त्याचा धोकाही होय. समजा, एखादे ढवळणी-यंत्र ३० सेकंदांच्या स्पंदाने चालविले आहे. आरंभाची कळ सोडल्याने ते थांबणार नाही. म्हणून ‘क्यू’ आणि ‘थांबण्याची आज्ञा नाही’ या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच यंत्र चालावे, अशी योजना आज्ञावलीत करावी. माणसाच्या जिवाशी संबंध असेल, तेथे तेवढ्यावरही न थांबता स्वतंत्र सुरक्षा-मंडल असलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नियंत्रक संकेत वाचणे, आज्ञावली पार पाडणे आणि निर्गम बदलणे हे चक्र अखंड फिरवीत असतो. प्रत्येक फेरीत कालमापकाला पाचारण झाले, तरच त्याचा निर्गम वेळेवर बदलतो. ते एखाद्या अटीच्या आत दडविले आणि ती अट खोटी ठरली, तर काळ संपूनही ‘क्यू’ एकच राहू शकेल आणि झोत सुटतच राहील. तसेच प्रत्येक कामासाठी कालमापकाची स्वतंत्र प्रत हवी. एकच प्रत दोन कामांना वापरल्यास दोन्ही बिघडतात.

विद्यार्थ्यांनी वरील उदाहरणातील ‘आयएन’ व ‘क्यू’ यांचे आलेख एकाखाली एक काढावेत, आणि पट्ट्याचा वेग दुप्पट केल्यास स्पंदाचा काळ किती असावा ते स्वतः ठरवून पाहावे.