पुढे पाठवण्यापूर्वी

व्हॉट्सॲपवर आलेला दोन ओळींचा निरोप आपण क्षणात पुढे पाठवतो. तो कोणी लिहिला, केव्हा, कोणत्या गावाबद्दल, हे त्यात बहुधा नसतेच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरते या अफवेपायी जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे. अशा अफवेला रचणाऱ्याचे नाव नसते. ओळखीच्या माणसाने पाठवली, एवढ्यावर ती खरी ठरते.

म्हणून आठवी आज्ञा, खोटी साक्ष देऊ नकोस, इथेही लागू होते. पुढे पाठवणाराही साक्षच देत असतो.

फार फिरलेल्या निरोपावर दोन बाणांची खूण दिसते; २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. खूण खोटेपणाची नव्हे, पण मूळ लिहिणारा आपल्या ओळखीचा नाही हे ती सांगते.

पिरंगुट-पौड रस्त्याला भंगारवाले, फेरीवाले रोज भेटतात. त्यांच्याविषयी असा निरोप आला, तर आपण तो ग्रुपवर टाकू नये. खरोखर संशय असेल, तर पोलीस पाटलांना सांगावे किंवा ११२ ला फोन करावा.