नवकंकरी : एक अभ्यास

देवळाच्या ओट्यावर खडे मांडून बसलेल्या माणसांना आपण सहज ‘रिकामटेकडे’ म्हणतो. त्यांच्या नवकंकरीत केवढा विचार भरलेला असतो, हे दाखवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खेळाची मांडणी सोपी आहे. कोळशाने एकात एक असे तीन चौकोन काढावयाचे आणि त्यांच्या बाजूंचे मध्य रेषांनी जोडावयाचे. सर्वांत आतला चौकोन मात्र मोकळा ठेवावयाचा. कोपरे व मध्य मिळून २४ घरे होतात. गडी दोन, प्रत्येकाचे खडे नऊ. एकाने चिंचोके घेतले तर दुसऱ्याने गारगोट्या घ्याव्यात.

प्रथम आळीपाळीने एकेक खडा घरात ठेवावयाचा. हातातले खडे संपले की रेषेवरून लगतच्या मोकळ्या घरात सरकवावयाचे. एका रेषेत आपले तीन खडे जुळले की तिकडी झाली. मग प्रतिपक्षाचा एक खडा उचलावयाचा. दुसरा खडा असेपर्यंत तिकडीतल्या खड्याला हात लावता येत नाही. ज्याचे दोनच खडे उरतात किंवा ज्याला चालच राहत नाही, तो हरला.

आता थोडे गणित पाहू. प्रत्येक घर दोन रेषांवर आणि प्रत्येक रेषेवर तीन घरे. म्हणून २४ ला २ ने गुणून ३ ने भागले की १६ तिकड्यांच्या जागा मिळतात. परंतु सर्व घरांचे मोल सारखे नाही. १२ कोपऱ्यांतून दोनच वाटा निघतात. बाहेरच्या व आतल्या चौकोनांच्या मध्यांतून तीन, तर मधल्या चौकोनाच्या चार मध्यांतून चार वाटा निघतात. नवशिका कोपरे धरतो आणि कोंडला जातो. जाणता खेळाडू मधली घरे आधी अडवतो. पाच खडे नेमके बसविले तर एकच खडा पुढेमागे सरकवून दर चालीला नवी तिकडी साधता येते.

हा खेळ जगभर पसरलेला आहे. स्पेनचा राजा दहावा आल्फोन्सो याने १२८३ साली पूर्ण करविलेल्या खेळांच्या ग्रंथात तो आढळतो. १९९३ साली रॅल्फ गॅसर यांनी संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले की दोघेही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आजोबा कागदावर अंगठा उठवतात. पण खडा हातात धरून ते पुटपुटतात, “तू हितं आलास, तर मी तिथं.” तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही जे ‘जर-तर’ शिकतो, ते याहून निराळे काय आहे? त्यांना अडाणी म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.

तीनच खडे उरलेल्या गड्याला काही ठिकाणी कुठेही उडी मारू देतात, काही ठिकाणी नाही. मित्रहो, सुटीत गावी जाल तेव्हा वडीलधाऱ्यांशी एक डाव खेळा आणि तिथले नियम वहीत उतरवून आणा.