कुमारवयातील विषाद : विचारपद्धतीचा हेतुविचार

दहावी-बारावीच्या निकालानंतर माधवनगर-सांगली परिसरातील चिकित्सालयांत भूक मंदावलेली, झोप उडालेली, चिडचिडी झालेली मुले येतात. पालक 'ताकदीचे औषध' मागतात. अग्निमांद्य व अनिद्रा यांची चिकित्सा होते. विषाद मात्र तसाच राहतो. चरकसंहितेने (सूत्रस्थान, अध्याय २५) रोग वाढविणाऱ्या भावांत विषादालाच अग्रस्थान दिले आहे, हे वैद्यवर्गाने येथे स्मरावे.

हेतुविचार : अपयश अनेकांना येते, विषाद सर्वांना होत नाही. १९७८ मध्ये अब्रॅमसन, सेलिगमन व टीसडेल यांनी त्यातील भेद मांडला. 'या वेळी गणिताचा अभ्यास कमी पडला' असे म्हणणारा मुलगा सावरतो. 'मीच नालायक, हे कधी बदलणार नाही, माझे सगळेच बिघडणार' असे मानणाऱ्यास धोका अधिक. टेंपल व विस्कॉन्सिन विद्यापीठांतील नवागत विद्यार्थ्यांच्या पाहणीत अशी विचारपद्धती असणाऱ्यांत पुढे नैराश्य अधिक आढळले. म्हणजे ती केवळ लक्षण नसून पूर्वहेतूही आहे. दुःखाचे अखंड चर्वण हा दुसरा हेतू होय. आनुवंशिकता, गृहकलह, छळ हे हेतूही विचारात घ्यावेतच.

परीक्षण : पालकांना बाहेर बसवून विचारावे, ''निकाल कळला तेव्हा मनात काय आले?'' उत्तरातील 'नेहमी', 'कधीच', 'सगळे' हे शब्द टिपावेत. उदासी वा चिडचिड दोन आठवडे टिकल्यास ती दुर्लक्षू नये.

चिकित्सा : अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह म्हणजे सत्त्वावजय. 'वाईट विचार करू नकोस' एवढा उपदेश म्हणजे सत्त्वावजय नव्हे. विचार पुराव्यावर तपासावयास शिकविणे ही अल्बर्ट एलिस यांची १९५५ पासूनची पद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजविली. ती येथे उपकारक ठरते. 'सगळे संपले' म्हणणाऱ्या दहावीच्या मुलास, राज्य मंडळ २०१५ पासून त्याच वर्षी फेरपरीक्षा घेते, हे दाखवून द्यावे. निष्कर्ष मात्र त्याचा त्यालाच काढू द्यावा.

मर्यादा : मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारावे, विचारल्याने ते वाढत नाहीत. उत्तर होकारार्थी असल्यास मुलास एकटे न सोडता तत्काळ मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा दूरध्वनी उपलब्ध आहे. औषधविक्रेत्यांनीही झोपेचे औषध वा 'टॉनिक' वारंवार मागणाऱ्या मुलास केवळ बाटली न देता वैद्याकडे धाडावे.

ब्राह्मी, अश्वगंधा यांची योजना युक्तीने करावी. परंतु मूल स्वतःशी काय बोलते, हे ऐकल्यावाचून चिकित्सा पूर्ण होत नाही.