उलार

ऊस भरलेल्या गाडीला बैल जुंपण्याआधी माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, धुरेखाली हात घालून ती उचलून बघायचे. धुरा हलकी लागली की गाडी उलार भरलीय म्हणायचे, आणि मागच्या मोळ्या काढून पुढं घ्यायला लावायचे. उलार गाडीत जू वर उचललं जातं, बैलाच्या गळ्याला पट्टा आवळतो आणि चढाला जनावर गुदमरतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात हे मी लहानपणी कितीदा पाहिलं असेल त्याचा हिशेब नाही. तरीही 2019 च्या ऑगस्टमध्ये माझ्या स्वतःच्या गाडीमागं मी उलार ट्रेलर जोडला, आणि गाडीत माझ्यासकट घरची पाच माणसं बसवली.

आम्ही तेव्हा मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात राहत होतो. नवी नोकरी न्यू जर्सीत मिळाली. सामान हलवणाऱ्यांनी सांगितलेला आकडा परवडणारा नव्हता. फर्निचर बरंचसं विकून टाकलं आणि उरलेलं भाड्याच्या बंद ट्रेलरमधून आपणच न्यायचं ठरवलं. गाडी होती टोयोटा सिएना, अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या घराघरात असते तशी. तिची ओढण्याची क्षमता 3,500 पौंड, म्हणजे सुमारे 1,590 किलो. हे मी पुस्तिकेत वाचलं आणि तिथंच समाधान मानलं. इथूनच चूक सुरू झाली.

हिच, म्हणजे ट्रेलर जोडायला गाडीच्या मागं खालून बोल्टांनी बसवायचा लोखंडी सांगाडा, घेताना दोन मापं समोर येतात. ट्रेलर ज्या बॉलवर बसतो त्याची दांडी ज्यात सरकवायची ती चौकोनी नळी सव्वा इंची असते किंवा दोन इंची. मी दोन इंची घेतली. तिच्यावर 4,000 पौंड लिहिलं होतं आणि मला वाटलं, चला, वर पाचशेची सवड आहे. अशी सवड नसते. हिचचा आकडा हिचपुरता, बॉलचा बॉलपुरता, बॉल ज्या दांडीवर बसतो तिचा तिच्यापुरता, आणि गाडीचा गाडीपुरता. यातला जो सर्वांत लहान, तोच खरा. जाड लोखंड लावल्यानं गाडी जास्त ओढायला लागत नाही.

हिच बसवायला गॅरेजवाले वेगळे पैसे घेतात म्हणून मी घरीच बसवली. काम अवघड नाही, पण ते पाठीवर पडून करायचं काम आहे. हिचचं वजन चाळीस पौंडांच्या आसपास, आणि ती डोक्यावर तोलून धरत बोल्ट लावायचे म्हणजे एका माणसाचं काम नव्हेच. सायलेन्सर रबरी कड्यांतून सोडवून खाली घ्यावा लागतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, उचललेलं धरून ठेवायला दोन भक्कम स्टँड लागतात. डांबरी ड्राइव्हवे उन्हात मऊ पडतो, तेव्हा स्टँडखाली जाड फळी घ्या, आणि पुढच्या चाकांना अडण्या लावा.

मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. गाडीच्या चौकटीत आतून नट वेल्ड करून बसवलेले असतात, त्यांच्या आट्यांत हे मीठ आणि गंज जाऊन बसतो. बोल्ट लावण्याआधी गंजावरचं तेल मारून, तारेच्या गोल ब्रशनं ते आटे साफ करायचे, आणि प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी चार-पाच वेढे आत न्यायचा. मी तीन बोल्ट असे लावले. चौथा दोन बोटांत फिरेना. संध्याकाळ होत आली होती, मदतीला आलेला शेजारी हिच धरून थकला होता. मी इम्पॅक्ट रेंच लावला आणि तो बोल्ट घुसवला. आवाज बदलला, तो मला ऐकू आला. बोल्ट तिरका जाऊन आटे कापत चालला होता. पुढं टॉर्क रेंच लावला तर बाकी पाच बोल्टांवर ठरलेला जोर येताच ‘टक्’ असा आवाज आला आणि हा मात्र फिरतच राहिला. मी फिरवणं थांबवलं आणि मनाशी म्हटलं, सहातले पाच तर घट्ट आहेत. ज्या क्षणी एखादा बोल्ट हातानं जात नाही, त्या क्षणी काम थांबवून आटे पुन्हा पाडून घ्यायचे असतात. गॅरेजमध्ये ते काम अर्ध्या तासाचं आहे.

वायरिंगबद्दल थोडक्यात. छोट्या ट्रेलरला चार वायरींचा चपटा कनेक्टर असतो: पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या बाजूची, हिरवी उजव्या बाजूची. ट्रेलरवर ब्रेकचा आणि वळणाचा दिवा एकच असतो. गाडीवर ते वेगळे असतील तर मधे कन्व्हर्टर लागतो, आणि त्याला वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून द्यायची. पांढरी वायर रंगावर टेकवू नका, रंग खरवडून उघड्या लोखंडावर आवळा. दिवे लुकलुकण्याच्या बहुतेक तक्रारी तिथंच मिटतात.

ट्रेलर भरायला आम्ही सकाळी सातला सुरुवात केली. जे हाताशी आलं ते आत गेलं. गाद्या, कपड्यांच्या बॅगा, स्वयंपाकघराची खोकी पुढं लागली. जड वस्तू उचलायला मित्र दुपारी येणार होते, म्हणून ट्रेडमिल, पुस्तकांची आठ खोकी आणि आईचा पाटा-वरवंटा सर्वांत शेवटी, मागच्या दाराशी आले. अण्णा खुर्ची टाकून बघत होते. उठून ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “मागं वझं जास्त वाटतंय रं. उलार तर न्हाई ना भरली?” मी म्हणालो, “अण्णा, ही बैलगाडी नाही.” ते गप्प बसले. त्या उत्तराची मला आजही खंत आहे.

ओहायोचा सपाट रस्ता नीट गेला. ट्रेलरच्या अंगावर ताशी 55 मैलांची मर्यादा ठळक लिहिलेली होती. मी 65 नं चालवत होतो, कारण काही जाणवत नव्हतं. पेनसिल्व्हेनियात आय-80 महामार्ग क्लिअरफील्ड काउंटीत 2,250 फुटांवर चढतो. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला या रस्त्याचं ते सर्वांत उंच ठिकाण, तशी पाटीही आहे. ती ओलांडून आम्ही उताराला लागलो. डावीकडून एक मोठा ट्रक पुढं गेला. त्याच्या वाऱ्यानं ट्रेलर आधी बाहेर ढकलला गेला, मग आत ओढला गेला, आणि तो तिथं थांबला नाही. आरशात त्याची एक बाजू दिसायची, नाहीशी व्हायची, मग दुसरी बाजू दिसायची. प्रत्येक झोक्याला गाडीची शेपटी त्याच्याबरोबर जात होती. मी ब्रेक दाबला. झोके मोठे झाले, कारण गाडी मंदावली तरी मागचं वजन मंदावत नाही, त्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नव्हते. मागच्या सीटवर आई माझ्या मुलीला छातीशी धरून बसली होती. मी ब्रेकवरचा पाय काढला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं आणि ट्रेलरच्या उलट वळवायचा मोह आवरला. उतार संपून थोडा चढ लागला, वेग पडला आणि झोके विरत गेले.

अशा वेळी करायचं एवढंच असतं. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ, ब्रेकला पाय नाही. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असतील तर फक्त तेच, हलकेच. वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो असं सांगणारे भेटतात. उतारावर ते करू नका.

पुढच्या ट्रक-स्टॉपला आम्ही थांबलो. ट्रेलर सोडला, आणि अण्णांनी वाकून कपलरखाली, म्हणजे ट्रेलरची धुरा जिथं बॉलवर बसते त्या टोकाखाली, हात घातले. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसानं ती धुरा एकट्यानं उचलली. माझ्याकडं नुसतं बघितलं, बोलले काही नाहीत.

अमेरिकेतल्या मोठ्या ट्रक-स्टॉपवर वजनकाटा असतो. थोडे डॉलर भरून कुणालाही वापरता येतो. प्रत्येक आसाचं वजन वेगळं छापून देतात. आधी ट्रेलर जोडून वजन करायचं, मग ट्रेलर बाजूला सोडून नुसत्या गाडीचं. गाडीच्या दोन आसांवर जोडल्यावर जितकं वाढतं, तितका धुरेवरचा भार. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या किमान दहा टक्के हवा, पंधरापेक्षा जास्त नको. माझा ट्रेलर 2,640 पौंडांचा निघाला, आणि धुरेवर होते 90. साडेतीन टक्केही नाहीत.

सामान पुढं सरकवलं की झालं, असं मला वाटलं. मग चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचलं, जे गाडी घेतल्यापासून मी फक्त चाकांतल्या हवेसाठी वाचत आलो होतो. त्यावर माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती भार चालेल ते लिहिलेलं असतं. माझ्या गाडीवर 1,160 पौंड होतं. आम्ही पाच जण मिळून 710. डिकीतल्या बॅगा 280. हिच 40. झाले 1,030. उरले 130. धुरेवरचा भार याच 130 मध्ये बसायला हवा, कारण तोही गाडीच्याच पाठीवर असतो. माझ्या ट्रेलरला निदान 264 हवेत. म्हणजे भार नीट पुढं आणला तर गाडी ओव्हरलोड, न आणला तर ट्रेलर उलार. घरची सगळी माणसं आणि बॅगा गाडीत असताना मला फार तर 1,300 पौंडांचा ट्रेलर ओढता येत होता, आणि रिकामा ट्रेलरच 900 चा होता.

ओढण्याच्या क्षमतेचा आकडा काढताना गाडीत भरलेलं घर धरलेलं नसतं. मिनीव्हॅन आपण घेतो ती घरची माणसं बसावीत म्हणून, आणि हिच लावतो तेव्हा तीच विसरतो. सिएनासारख्या गाडीला पुढची चाकं ओढतात आणि हिच असते मागच्या चाकांच्याही मागं. तिच्यावर भार पडला की पुढचं टोक हलकं होतं, आणि वळायला नि ओढायला लागणारी पकड तिथंच कमी होते. धुरेवरचा भार वाढवून प्रश्न सुटत नाही, माणसं किंवा सामान कमी करावं लागतं.

काट्यावरून परत आल्यावर मी बॅटरी घेऊन गाडीखाली पाहिलं. त्या चौथ्या बोल्टच्या वॉशरभोवती लोखंड घासून चकचकीत चंद्रकोर उमटली होती. हिच तिथं हलत होती. ट्रेलर ट्रक-स्टॉपवरच ठेवून मी जवळच्या गॅरेजला गेलो. तिथल्या मेकॅनिकनं बोल्ट काढला, आटे नव्यानं पाडले, त्याच दर्जाचा नवा बोल्ट लावला आणि सहाही बोल्ट माझ्यासमोर टॉर्क रेंचनं आवळले. पहिल्या पन्नास-शंभर मैलांनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे असतात हेही त्यानंच सांगितलं. हिचच्या सूचनापत्रात ते छापलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेडमिल जवळच्या गावातल्या जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानाला दिली. पुस्तकं पोस्टानं पाठवली. मीडिया मेल म्हणून पुस्तकांसाठी स्वस्त दर आहे, सत्तर पौंडांपर्यंतचं खोकं घेतात. मराठी पुस्तकं इथं सहज विकत मिळत नाहीत, म्हणून ज्यांना ती पाठवायची असतील त्यांनी हा मार्ग आधीच धरावा. मग ट्रेलर पूर्ण रिकामा करून पुन्हा भरला. अण्णा आत उभे राहून सांगत होते आणि मी व माझी बायको उचलत होतो. पाटा-वरवंटा आसाच्या जरा पुढं, जमिनीलगत. भांड्यांची खोकी त्याला टेकून. साधारण साठ टक्के वजन पुढच्या अर्ध्यात आणि जड ते खाली. गाद्या मागं गेल्या. सगळं पट्ट्यांनी बांधलं, कारण सैल सामान पहिल्या चढालाच मागं सरकतं. कपलरखालच्या साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या घातल्या, म्हणजे कपलर सुटला तरी रस्त्यावर न पडता त्यांच्या झोळीत अडकतो. काट्यावर पुन्हा गेलो: ट्रेलर 2,090, धुरेवर 250.

बायकोनं एक मोटार भाड्यानं घेतली. आई, मुलगी आणि बॅगा तिच्या गाडीत. माझ्या शेजारी फक्त अण्णा. उरलेला सगळा रस्ता 55 नं, उजव्या लेनमधून. ट्रक शेजारून जायचे, वाऱ्याचा धक्का लागायचा, ट्रेलर एकदा हलून सरळ व्हायचा. अण्णा दर वेळी आरशात बघायचे. डेलावेअर वॉटर गॅपचा पूल ओलांडून न्यू जर्सीत शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

नव्या घरासमोर चाकांना अडण्या लावून मी कपलर बॉलवरून सोडवला आणि ट्रेलर त्याच्या पुढच्या पायावर टेकवला. अण्णा खाली वाकले, धुरेखाली दोन्ही हात घातले आणि जोर लावला. ती जागची हलली नाही.