लंडनचा ‘टॉप गिअर’ आणि आपला ‘टॉप गिअर’

प्रश्न : आम्हा मित्रांना बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या मोटारींवरच्या कार्यक्रमाचं वेड. लंडनला असलेला मावसभाऊ सांगतो ते कित्येक प्रसंग आम्ही केबलवर पाहिलेच नाहीत, गाणीही वेगळी. एक मित्र म्हणतो, सरकारने कात्री लावली. खरं काय?
– एक वाचक, दारव्हा

उत्तर : सरकारला यातून मोकळं करा. बीबीसी ब्रिटनमध्ये परवाना शुल्कावर चालते, मध्ये जाहिराती नाहीत; म्हणून तिथला भाग साधारण तासाभराचा. परदेशी वाहिन्यांवर त्याच तासात जाहिराती बसवायच्या, मग प्रसंग गळतात. गाणी बदलतात ती हक्कांमुळे. ब्रिटनपुरती परवानगी असलेलं गाणं बाहेर वाजवता येत नाही.

मात्र मित्र अगदीच चुकला नाही. ‘टॉप गिअर’च्याच तिघा सूत्रसंचालकांच्या ‘द ग्रँड टूर’ या कार्यक्रमात जनावरांच्या हाडामांसाची गाडी होती. प्राइम व्हिडिओने भारतात तो प्रसंग उडवला आणि भाग निम्म्यावर आला! ती कंपनीची स्वतःची खबरदारी.

आता करायचं काय? अधिकृत सेवेवर भाग निवडताना आधी कालावधी पाहा. पाऊण तासाचा दिसला की छाटलेला समजा. सुरुवात २०११च्या भारत विशेष भागाने करा. मुंबईच्या डबेवाल्यांशी लावलेली शर्यत त्यात आहे. त्या भागावर आपल्या उच्चायुक्तालयाने तक्रार केली होती, तीही प्रक्षेपणानंतर. टेलिग्रामवरच्या ‘पूर्ण आवृत्ती’साठी अनोळखी अ‍ॅप घेऊ नका, ओटीपी तर कुणालाच देऊ नका.