डॉ. ब्यॉर्न इब्सेन : भूलशास्त्राची नवी दिशा

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास गुंगी आणणे एवढेच भूलतज्ज्ञाचे काम, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः रोगी बेशुद्ध असेतोवर त्याचा श्वासोच्छ्‌वास व रक्ताभिसरण सांभाळणे, हे त्याचे अधिक जबाबदारीचे काम होय. या विद्येचा उपयोग शस्त्रक्रियागृहाबाहेरही होऊ शकतो, हे डेन्मार्कमधील डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी दाखवून दिले.

इब्सेन यांचा जन्म १९१५ साली कोपनहेगन येथे झाला. १९४० साली वैद्यकाची पदवी मिळविल्यावर १९४९-५० मध्ये त्यांनी अमेरिकेत बॉस्टन येथे भूलशास्त्राचा अभ्यास केला.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ उद्भवली. अनेक रोग्यांचे श्वसनाचे व गिळण्याचे स्नायू लुळे पडत. घशात कफ साचून श्वासमार्ग तुंबत असे. ब्लेगडॅम रुग्णालयात कृत्रिम श्वसनाची यंत्रे अवघी सात होती. ती बाहेरून छातीचा भाता हलवीत. परंतु त्यांचे बळ पुरे पडत नसे. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रोपचार केलेल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले.

या रोग्यांच्या रक्तात कार्बन डायॉक्साइडचे एकूण प्रमाण फार वाढलेले आढळे. रक्तातील अल्कधर्म वाढल्याचे हे लक्षण असावे, असे तेथील डॉक्टरांना वाटत होते. इब्सेन यांनी त्याचा निराळा अर्थ लावला. फुप्फुसांत पुरेशी हवा खेळत नसल्यामुळे हा वायू बाहेर न पडता रक्तात साठतो, असे त्यांनी प्रतिपादिले. प्राणवायू दिल्याने रोग्याचा निळेपणा जाई. पण साठलेला वायू तसाच राही.

२७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका अत्यवस्थ मुलीवर प्रयोग झाला. गळ्यास छेद घेऊन श्वासनलिकेत नळी बसविली, कफ शोषून काढला. मुलगी गुदमरून धडपडत असल्याने हवा आत जाईना. तेव्हा इब्सेन यांनी औषधाने तिला शांत केले व रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसे भरण्यास आरंभ केला. तिची प्रकृती सुधारली, ती वाचली.

आता प्रत्येक रोग्यापाशी अहोरात्र पिशवी दाबणारे हात हवे होते. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हे काम केले. पूर्वी शेकडा ८० हून अधिक असलेले मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले.

१९५३ साली इब्सेन यांनी कोपनहेगनच्या नगर रुग्णालयात अत्यवस्थ रोग्यांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. आजच्या अतिदक्षता विभागांच्या आद्य नमुन्यांत त्याची गणना होते. पुढे ते कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००७ साली त्यांचे निधन झाले.

साथीच्या वेळी इब्सेन यांनी वापरलेली नळी, पिशवी व औषध ही भूलतज्ज्ञांच्या नित्य वापरातील साधने होती. रोगी नेमका कशाने मरतो, हा प्रश्न त्यांनी नव्याने विचारला आणि त्या साधनांस नवे कार्यक्षेत्र लाभले.