आच्छादनाखालची जमीन

संत्र्याच्या झाडाला किती पाणी द्यावे, हे आपण सहसा झाडाकडे पाहून ठरवितो. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी झाडाखालच्या जमिनीत दडलेले असते. नागपूर व अमरावती जिल्ह्यांत आणि मध्य प्रदेशातील सौंसर-पांढुर्णा या मराठीभाषी पट्ट्यात नागपुरी संत्र्याच्या अनेक बागा काळ्या, चिकण जमिनीत उभ्या आहेत. मे महिन्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते आणि विहिरी तळाला लागतात. ठिबक सिंचनाने वाचविलेले पाणी उन्हाने हिरावून नेऊ नये, यासाठी आच्छादनाचा विचार करावा लागतो.

ठिबकच्या तोटीतून पडणारे पाणी रेताड जमिनीत सरळ खाली उतरते. चिकण जमिनीत ते आडवे पसरते. ओला होणारा भाग लहान असला, तरी तो वारंवार ओला राहत असल्याने तेथून बाष्पीभवन चालूच राहते. पाणी वाफ होऊन जाते, परंतु त्यात विरघळलेले क्षार मागे उरतात व पृष्ठभागावर आणि ओलाव्याच्या कडेला साचतात. पावसाच्या पहिल्या हलक्या सरीने हेच क्षार मुळांपर्यंत पोहोचू शकतात.

आळ्यात गव्हांडा, कुटार किंवा वाळलेल्या गवताचा आठ-दहा सेंटीमीटर जाडीचा थर पसरला, म्हणजे माती ऊन व वारा यांपासून झाकली जाते. बाष्पीभवन घटते, क्षारांचे साचणे मंदावते आणि जमिनीला भेगा कमी पडतात. संत्र्याची अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या थरातच असल्यामुळे तेथील उष्णता कमी होणे विशेष हितकारक ठरते. थर कुजू लागला की गांडुळे वाढतात व माती भुसभुशीत होते. गव्हांड्यात नत्राच्या मानाने कर्ब पुष्कळ असतो. म्हणून तो मातीत मिसळल्यास सूक्ष्म जीव जमिनीतील नत्र काही काळ अडवून धरतात. तो पृष्ठभागावरच ठेवणे बरे.

प्लास्टिकचे आच्छादन ओलावा व तण यांचे नियंत्रण अधिक चांगले करते. मात्र काळ्या कागदाखाली माती तापते, सेंद्रिय द्रव्याची भर पडत नाही आणि फाटलेले तुकडे वेचून न काढल्यास शेतातच राहतात.

येथे एक धोका ध्यानात घेतला पाहिजे. आच्छादन घातल्यावरही पूर्वीइतकेच पाणी देत राहिल्यास काळ्या जमिनीत वाफसा राहत नाही. मातीतील हवा कोंडते, मुळे कुजतात आणि डिंक्या रोगास वाव मिळतो. झाड मलूल दिसते; बागाईतदार ते तहानेचे लक्षण समजून आणखी पाणी देतो व झाड गमावतो. यासाठी आच्छादन बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावे. बहारासाठी ताण देताना ते बाजूला सारावे, नाहीतर जमीन सुकत नाही व ताण बसत नाही.

आच्छादनाखालची तोटी तुंबली, तरी वरून कळत नाही. म्हणून अधूनमधून थर उचलून वीतभर खोल माती हातात घ्यावी. तिचा गोळा होऊन किंचित दाबाने तो फुटला, तर ओल योग्य आहे. बोटांना चिखल लागला, तर पाणी थांबवावे. आच्छादनाने पाणी वाचते, पण पाणी मोजण्याची जबाबदारी मात्र बागाईतदाराचीच राहते.